दुरुस्तीलाही वाचक हवा

आपल्या हातून झालेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, हा लिहिणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. मुद्रिते तपासताना लेखक कागदावर छापलेले वाचत नाही. आपल्या मनात जे होते ते वाचतो. म्हणून तपासायला दुसरा माणूस लागतो. इथवर सर्वांचे एकमत असते. परंतु त्या दुसऱ्या माणसाने चूक दाखवल्यावर जी दुरुस्ती केली जाते, ती कोण तपासतो? हरकत घेतली गेली, दुरुस्ती झाली, आता काम निर्दोष झाले, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीत किती महागात पडते याचे बोलके उदाहरण एका पत्त्यांच्या खेळाच्या इतिहासात सापडते. हा खेळ म्हणजे १९९३ साली अमेरिकेत निघालेला 'मॅजिक : द गॅदरिंग'.

पत्त्यांचा खेळ म्हटला की रमी किंवा मेंढीकोट डोळ्यांपुढे येतो. तेथे पाने ठरलेली आणि नियम सर्वांना सारखे. 'मॅजिक'ची रीत निराळी आहे. येथे पानांची बंद पाकिटे विकत घ्यावयाची. आत कोणती पाने निघतील ते उघडल्याखेरीज कळत नाही. अशा जमवलेल्या पानांतून प्रत्येक खेळाडू किमान ६० पानांचा स्वतःचा जोड बांधतो आणि तो घेऊन दुसऱ्याशी सामना करतो. प्रत्येक पानावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो, आणि पानावरचा नियम खेळाच्या सर्वसाधारण नियमालाही बाजूला सारू शकतो. नवी पाने दरवर्षी येत राहतात. आजवर निघालेल्या निरनिराळ्या पानांची संख्या २५ हजारांच्या पुढे गेली आहे. केवळ २५ हजार पाने धरली तरी त्यांतील दोन-दोन पानांच्या जोड्या ३१ कोटींहून अधिक होतात. एवढ्या जोड्यांपैकी कोणती जोडी खेळाचा तोल बिघडवील, हे कोणत्याही एका रचनाकाराला एकट्याने सांगता येणे शक्य नाही. त्यामुळे टीका आणि चर्चा या खेळाच्या बाहेर राहून होत नाहीत; त्या त्याच्या घडणीचाच भाग आहेत.

खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणिती. वस्तूंच्या निवडी आणि मांडण्या किती प्रकारे होऊ शकतात याची मोजदाद करणाऱ्या गणितशाखेत त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. १९९१ साली ते पटावरचा एक खेळ घेऊन 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या लहानशा कंपनीचे प्रमुख पीटर ॲडकिसन यांच्याकडे गेले. कंपनीला तो खेळ छापणे परवडणारे नव्हते. ॲडकिसन यांनी त्याऐवजी सहज जवळ बाळगता येईल आणि थोड्या वेळात संपेल असा खेळ मागितला. त्यातून गारफिल्ड यांनी पहिली १२० पाने तयार केली आणि विद्यापीठातील मित्रांच्या हाती दिली. पुढील दोन वर्षे ही मंडळी खेळत राहिली, हरकती घेत राहिली आणि पाने बदलत राहिली. त्यांच्यापैकी काहींनी नंतर 'अँटिक्विटीज' (१९९४) आणि 'आइस एज' (१९९५) हे संच रचले. टीकाकारांतूनच नवे कर्ते निघाले.

या काळातील एक हकिगत भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. एका पानाचा परिणाम म्हणून प्रतिपक्षाची पुढची पाळी हुकावी, असे गारफिल्ड यांच्या मनात होते. पानावर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी वाक्याचा मात्र दुसराही अर्थ निघत होता : प्रतिपक्ष पुढच्या पाळीला सामनाच हरतो! आपल्याला हमखास विजय देणारे पान मिळाले आहे, असे सांगत खेळाडू त्यांच्याकडे येऊ लागले, तेव्हा घोटाळा उघड झाला. छापील पानावर वाक्य उलटवण्यात आले : हे पान खेळणाऱ्याला एक जादा पाळी मिळते. 'टाइम वॉक' या नावाने ते पान प्रसिद्ध आहे. लिहिणाऱ्याला दुसरा अर्थ कधीच दिसला नसता. तो दिसण्यासाठी वाचणारा लागला.

छोटे वर्तुळ आणि मोठा बाजार

मित्रांच्या वर्तुळातील टीका कितीही प्रामाणिक असली, तरी ती वर्तुळातील अनुभवापुरतीच असते. पटावरच्या एखाद्या खेळावर करावा तेवढाच खर्च माणूस या पानांवर करील, अशी गारफिल्ड यांची अटकळ होती. अतिबलवान पाने दुर्मीळ ठेवली की एका गावात ती एक-दोनच असतील आणि तोल आपोआप राखला जाईल, असा त्यांचा हिशेब होता. ऑगस्ट १९९३ मध्ये निघालेली सुमारे २६ लाख पानांची पहिली आवृत्ती भराभर संपली. लोकांनी एक-दोन पाकिटे घेतली नाहीत. खोकीच्या खोकी उचलली. 'ब्लॅक लोटस'सारखे दुर्मीळ पान एकाच जोडात अनेकदा दिसू लागले. अखेर १९९४ साली स्पर्धांसाठी मर्यादा घालावी लागली : सामान्यतः एका पानाच्या चारच प्रती, आणि विशेष बलवान पानांची एकच.

यानंतरचा प्रसंग अधिक उद्बोधक आहे. जुनी पाने मिळेनाशी झाल्याची खेळाडूंची तक्रार होती. कंपनीने १९९५ साली 'क्रॉनिकल्स' नावाच्या संचात अनेक जुनी पाने पुन्हा छापली. खेळाडूंची सोय झाली. पण ज्यांनी मूळ पाने चढ्या भावाने घेतली होती, त्या संग्राहकांच्या आणि विक्रेत्यांच्या मालाची किंमत घसरली. त्यांनी हरकतींचा गदारोळ केला. कंपनीने १९९६ साली एक यादी जाहीर करून वचन दिले की, यादीतील पाने पुन्हा कधीही छापली जाणार नाहीत. ते वचन आजही पाळले जाते. २०१० साली तर त्यातील उरलीसुरली पळवाटही बंद करण्यात आली. परिणामी जुन्या पानांच्या किमती सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत आणि त्या पानांवर आधारलेले खेळप्रकार मूठभरांपुरते उरले आहेत. संग्राहकांची तक्रार खोटी नव्हती. परंतु तिच्यावर जो उपाय घाईने योजला गेला, त्यात तो पुन्हा तपासण्याची वाटच ठेवली गेली नाही. दुरुस्ती कायमची झाली आणि तिच्याबरोबर तिच्यातील दोषही कायमचा झाला.

वीस वर्षांनी तीच चूक

१९९८च्या अखेरीस निघालेल्या 'उर्झाज सागा' या संचात इतकी बेसुमार बलवान पाने होती की कित्येक सामने पहिल्या दोन-तीन पाळ्यांतच निकालात निघत. बंदीमागून बंदी आली. १९९९ च्या आरंभी निघालेल्या 'मेमरी जार' या पानावर तर जेमतेम महिन्याभरात तातडीने बंदी घालावी लागली. यातून कंपनीने एक शहाणपणाचा धडा घेतला. स्पर्धा गाजवणारे, खेळावर विश्लेषक लेख लिहिणारे खेळाडूच तिने नोकरीत घेतले आणि प्रकाशनापूर्वी कित्येक महिने नवी पाने खेळून पाहण्याची पद्धत पक्की केली. घरातच जाणते टीकाकार नेमले गेल्यावर असे प्रमाद टळतील, अशी अपेक्षा रास्त होती.

तथापि फेब्रुवारी २००४ मध्ये 'स्कलक्लॅम्प' आले. हे पान म्हणजे आपल्या प्राण्याच्या अंगावर चढवायचे एक अवजार. प्राणी मेला की मालकाला दोन नवी पाने मिळत. उशिरा केलेल्या एका बदलात या अवजाराने प्राण्याचा चिवटपणा एकाने घटावा असे ठरले. कागदावर हा बदल पान दुबळे करणारा वाटतो. प्रत्यक्षात क्षुद्र प्राण्यावर ते चढवताच प्राणी मरे आणि दोन पाने हाती येत. उणेपणा हाच नफा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पानावर बंदी आली. रचना विभागातील ॲरन फोर्साइथ यांनी लेख लिहून, अखेरच्या रूपातील हे पान पुरेसे तपासले गेले नव्हते, असे मोकळेपणाने मान्य केले.

वीस वर्षांनी, जून २०२४ मध्ये, 'नाडू' या पक्ष्याचे पान निघाले. महिना उलटण्याच्या आत ॲमस्टरडॅमच्या मोठ्या स्पर्धेत याच पानाच्या जोडाने विजेतेपद मिळवले आणि २६ ऑगस्टला त्या खेळप्रकारात त्यावर बंदी आली. संचाचे एक प्रमुख रचनाकार मायकेल मेजर्स यांनी त्याच वेळी सविस्तर खुलासा केला. पानाचे आधीचे रूप निराळे होते. शेवटच्या तपासणीत सहकाऱ्यांनी त्यातील एका शक्तीविषयी चिंता व्यक्त केली. तिला मान देऊन मजकूर बदलण्यात आला. मात्र नव्या मजकुराचा फुकट वापरता येणाऱ्या शक्तींशी संयोग झाल्यास काय होईल, हे मेजर्स यांच्या लक्षात आले नाही. ज्यांनी शेवटी नजर टाकली त्यांच्याही नाही. छपाईची वेळ जवळ आली होती. नवे रूप एकदाही खेळून न पाहता पान बाजारात गेले.

येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट ही की, नाडूची चूक टीकेच्या अभावी झालेली नाही. टीका झाली होती, ती जाणत्यांनी केली होती आणि कर्त्याने ती नम्रपणे स्वीकारलीही होती. चूक घडली ती त्या स्वीकारातून. हरकत विचारपूर्वक घेतली गेली. उत्तर मात्र घाईत दिले गेले, आणि त्या उत्तरावर हरकत घेण्यास कोणाला सवड राहिली नाही. १९९६ चे वचन, २००४ चे अवजार आणि २०२४ चा पक्षी यांचे नाते हेच आहे.

दुखणे आणि औषध

खेळाचे ज्येष्ठ रचनाकार मार्क रोझवॉटर २००२ पासून दर आठवड्याला रचनाविषयक स्तंभ लिहीत आले आहेत. २०१६ साली एका व्याख्यानात त्यांनी या दीर्घ अनुभवाचे सार मांडले. त्यांच्या मते लोक दोष ओळखण्यात तरबेज असतात. त्यावरचा उपाय सुचवण्यात तितके नसतात. कुठे दुखते हे रोग्याइतके कोणाला कळणार? पण म्हणून औषधाची चिठ्ठी रोग्याने लिहावयाची नसते. हे म्हणणे मान्य करण्याजोगे आहे. परंतु त्याचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. औषध दिल्यानंतर रोग्याला पुन्हा तपासावे लागते. चिठ्ठी लिहून झाली की वैद्याची जबाबदारी संपत नाही.

कंपनीच्या या कबुल्यांना फार मोठेपणा देऊ नये, असा एक आक्षेप घेतला जातो. पाने विकून नफा मिळवणारी ही संस्था आहे. ग्राहकाचा विश्वास टिकवण्यासाठीच ती चुका मान्य करते. आणि जे पान घेण्यासाठी विद्यार्थ्याने महिनोन्महिने पैसे साठवले, त्यावर बंदी आल्यावर त्याचे पैसे कोणी परत करीत नाही. आक्षेपात तथ्य आहे. तरीही चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली हे नावानिशी लिहून ठेवण्याची प्रथा उपयुक्तच म्हटली पाहिजे. नुसत्या दिलगिरीने पुढच्याला काही शिकता येत नाही. चुकीचा टप्पा कळला तर शिकता येते.

टीकेची दुसरी बाजूही २०२४ सालीच दिसली. 'कमांडर' हा खेळप्रकार खेळाडूंनीच निर्माण केलेला. त्याचे नियम कंपनी नव्हे, तर स्वयंसेवकांची एक समिती पाहत असे. २३ सप्टेंबर रोजी समितीने आणखी चार पाने वर्ज्य ठरवली. त्यांत नाडू होताच. पण इतर काही पाने बरीच महाग होती. ज्यांच्या संग्रहाची किंमत एका दिवसात उतरली, त्यांच्यापैकी काहींनी समितीच्या सभासदांना धमक्या दिल्या. अवघ्या सात दिवसांत, ३० सप्टेंबरला, हा कारभार कंपनीकडे सोपवल्याची घोषणा झाली. समितीचा निर्णय कदाचित पुरेशा विचाराअंती झाला नसेल; तो पुन्हा तपासण्याची मागणी करण्याचा हक्क सर्वांना होता. पण धमकीने निर्णयाची फेरतपासणी होत नाही, निर्णय करणारा तेवढा निघून जातो. खेळाडूंच्या हातची एक स्वायत्त व्यवस्था अशा रीतीने खेळाडूंच्याच दांडगाईने संपुष्टात आली.

खेळाच्या चार पानांसाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्नपत्रिकेतील चूक सुधारताना नवी चूक घालणारा परीक्षक, परिपत्रकातील संदिग्धता घालवण्यासाठी त्याहून संदिग्ध शुद्धिपत्रक काढणारे कार्यालय, मार्गदर्शकाच्या सूचनेनुसार प्रबंधाचे शेवटचे प्रकरण आदल्या रात्री बदलणारा विद्यार्थी, हे सारे नाडूच्या रचनाकाराचेच सोबती आहेत. टीका ऐकणे हा सद्गुण आहे यात शंका नाही. परंतु टीका ऐकून केलेला बदल हे नवे लेखन असते, आणि नव्या लेखनाला लागतो तो सारा वेळ, सारा संशय आणि दुसऱ्याची नजर त्यालाही लागते. तेवढी सवड नसेल तर बदल लांबणीवर टाकणे हाच शहाणपणा. ज्ञात दोष निदान सर्वांना दिसत तरी असतो; न तपासलेली दुरुस्ती मात्र निर्दोषपणाचा शिक्का लावून बाहेर पडते.