बाळंतिणीचे मन

बाळंतिणीच्या शरीराची निगा कशी राखावी, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सव्वा महिन्याची विश्रांती यांत काही उणे पडले तर घरातील वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. मात्र “तुझ्या मनाला कसे वाटते?” एवढे विचारायचे राहून जाते. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ स्त्रियांना उगाच रडू येते. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. परंतु त्यानंतरही उदासपणा हटत नाही, मूल निजले तरी झोप येत नाही, अन्नावरची वासना उडते, आपण आई व्हायला नालायक आहोत असे मनात घोळू लागते, तेव्हा तो स्वभावदोष नव्हे आणि ढोंग तर नव्हेच. तो आजार आहे, आणि त्याला उपाय आहे.

हा आजार एकट्या आईपुरता राहत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आई तान्ह्याशी हसतबोलत असते. मग काही मिनिटे ती चेहरा अगदी निर्विकार ठेवते. मूल हसून पाहते, हात पुढे करते आणि शेवटी मान फिरवून मलूल होते. घटकाभर आईचे लक्ष नसल्याने मुलाचे काही बिघडत नाही. ते घरोघरी चालतेच. पण तो चेहरा आठवडेच्या आठवडे विझलेला राहिला तर? दोष तिचा नाही, म्हणूनच आधार देण्याची जबाबदारी आपली आहे.

गोव्यातील एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात सुमारे २३ माता या आजाराने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव ही प्रमुख कारणे होती. पदरी मुलगी असताना पुन्हा मुलगी झाली, तर धोका अधिक वाढे. म्हणजे बाळंतिणीच्या मनावर घाव घालणाऱ्या काही गोष्टी आपल्याच बोलण्याचालण्यात असतात!

उपायही फार दूरचा नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गरोदरपणीच उदासीनतेने ग्रासलेल्या स्त्रियांकडे गावातल्याच आरोग्यसेविका जाऊ लागल्या. निराश विचार ओळखून तो कसा बदलावा, हे त्या समजावून सांगत आणि घरच्यांनाही सामील करून घेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा यांतील शंभरात २३ जणी आजारी होत्या. जिथे सेविका नेहमीच्याच भेटी देत, तिथे हे प्रमाण ५३ होते. शिवाय ज्या घरी हा उपाय झाला, तिथे आईच काय, बापही मुलाशी अधिक खेळू लागले.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल तेव्हा बाळाचे कौतुक झाल्यावर क्षणभर आईजवळ बसा. “मुलगीच का?” हा उद्गार ओठांवर येऊ देऊ नका. बापाने रात्रीचे एक जागरण आपल्याकडे घ्यावे. जगणे नको असे तिने बोलून दाखवले, किंवा ती भ्रमिष्टासारखी वागू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर सल्लाही विनामूल्य मिळतो. बाळाला तेलपाणी करायला हात पुष्कळ असतात; आईचे ऐकून घ्यायला एक माणूस तरी हवे.