हवा काढा, गाडी चालू द्या!

पंक्चरच्या टपरीवरचं घमेलं आठवा. काळ्या पाण्यात ट्यूब बुडते, बुडबुडे येतात तिथे खूण होते, किसणीने रबर घासलं जातं, सोल्यूशन लागतं, वर एक फुंकर. तोवर आपण उन्हात उभे राहून घड्याळ बघत असतो. वाटतं रबर भार उचलतंय, पण ते नुसती पिशवी आहे. खरा भार पेलते ती आत कोंडलेली हवा, आणि ती कधीही निघून जाऊ शकते. मग ही बेभरवशाची हवाच काढून टाकली तर? पाहिलीय लोकांनी काढून. लाकूड, लोखंड, स्प्रिंगा, पियानोच्या तारेसारखी पोलादी तार… सगळं करून झालंय.

पंक्चर न होणारा जुना टायर

तो आपल्या बैलगाडीला होता. त्याचं नाव धाव. लोहार चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं बनवायचा. भोवती गोवऱ्या रचून ते लालबुंद करायचं. तापलं की लोखंड फुगतं, म्हणजे कडं मोठं होतं. दोघा-तिघांनी सांडशीत धरून ते लाकडी चाकावर घालायचं, लाकडातून धूर निघत असताना घणाने ठोकून सारखं करायचं आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र! कडं आवळतं आणि मधला तुंबा, आरे, घेर असं सगळं चाक एकमेकांत घट्ट दाबून बसवतं. एक खिळा न ठोकता.

इंग्रजीतला ‘टायर’ हा शब्दही मुळात अशाच लोखंडी वेढ्याचा. रबराकडे तो नंतर गेला. रेल्वेच्या जुन्या चाकांवर पोलादी कडं याच पद्धतीने तापवून चढवत आणि त्यालाही टायरच म्हणत. धाव पंक्चर होत नसे हे खरं. पण रस्त्यातला प्रत्येक दगड ती थेट गाडीवानाच्या मणक्यापर्यंत पोचवायची! म्हणून तर साखर कारखान्यांच्या वाटेवर टायरगाड्या आल्या.

हवेचा शोध, दोनदा

हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतलं. तेव्हा मोटार नव्हती, आजच्यासारखी सायकलही नव्हती. त्यामुळे कुणी फारशी दखल घेतली नाही. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती नव्याने शोधली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. ते पुढे रद्द झालं, कारण थॉमसनचे जुने कागद सापडले. नाव मात्र डनलॉपचं झालं.

हवा आली आणि तिच्यासोबत पंक्चरही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी हवा भरलेला टायर बसवलेलं बिनआऱ्यांचं कडं काढलं. ते पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने अडकवायचं आणि घर गाठायचं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. आपण जिला ‘स्टेपनी’ म्हणतो, तिचं नाव वेल्समधल्या एका रस्त्याचं आहे! ब्रिटनमध्ये हा शब्द जवळपास विसरला गेलाय, आपल्या डिकीत तो ठणठणीत आहे.

रबर संपलं तेव्हा

पहिल्या महायुद्धात जर्मनीची रबराची आयात अडली. लोकांनी सायकलींना पोलादी स्प्रिंगांचे टायर बसवले. चाकाभोवती स्प्रिंगांची रांग आणि त्यावर बाहेरचं कडं. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये तर लाकडी टायर आले आणि बागेला पाणी घालायच्या नळीचेही. खडखडाट किती होत असेल याची कल्पना करा, शेजारी तर नक्कीच करत असतील.

चंद्रावर पंक्चरवाला नसतो

गंमत अशी की माणसांनी चंद्रावर आधी वायू भरलेलंच चाक नेलं. फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘अपोलो १४’च्या अंतराळवीरांनी एक दोनचाकी हातगाडी ओढली. तिच्या रबरी टायरांत नायट्रोजन होता. त्याच वर्षी ‘अपोलो १५’सोबत खरी मोटार गेली, आणि तिच्या चाकांत हवा नव्हती की रबर नव्हतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेची विणलेली जाळी, पकड घ्यायला वर टायटॅनियमच्या पट्ट्या. पाऊण मीटरहून मोठ्या त्या चाकाचं वजन पृथ्वीवर साडेपाच किलोच्या आत. ‘अपोलो १७’ची गाडी सुमारे ३६ किलोमीटर चालली आणि चाकांनी कुरकुर केली नाही. मोडलं ते मडगार्ड! अंतराळवीरांनी ते नकाशाचे कागद आणि चिकटपट्टी लावून सांधलं.

मंगळावर मात्र फजिती झाली. २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ या यंत्रगाडीच्या अॅल्युमिनियमच्या चाकांना टोकदार दगडांनी भोकं पाडली. हवा नाही, तरी भोक आहेच. म्हणून नासाचे तंत्रज्ञ आता निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे स्प्रिंग-टायर तपासताहेत. हा धातू दबला तरी आपला मूळ आकार लक्षात ठेवतो.

मग आपल्या मोटारीला का नाही?

मिशेलिनने २००५ मध्ये ‘ट्वील’ दाखवला: टायर आणि चाक एकच, मध्ये पॉलियुरेथेनचे लवचिक आरे. नंतर ब्रिजस्टोनने आपला नमुना आणला, पुन्हा मिशेलिनने जनरल मोटर्सला सोबत घेऊन २०१९ मध्ये ‘अप्टिस’. सर्वसामान्य मोटारींसाठी २०२४ची वेळ ठरली होती. ती टळली.

कारण समजायला सोपं आहे. ताशी शंभरच्या वेगाला मोटारीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक आरा तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. तो तापतो, घुमतो. पहिला ‘ट्वील’ ताशी ऐंशीच्या पुढे गेला की थरथरायचा आणि आवाज करायचा. हवेला मात्र कितीही दाबा, ती थकत नाही, वजन नाममात्र, आणि भरून मिळते ती बहुतेक फुकट. गावी निघताना सहा माणसं आणि तांदळाचं पोतं चढलं तर आपण चार पौंड हवा वाढवतो. आरे असे वाढवता येत नाहीत. शिवाय आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत आपल्याकडच्या पावसाळ्यातला चिखल आणि खडी बसली की चाकाचा तोल गेलाच.

त्यामुळे बिनहवेची चाकं सध्या रमतात ती संथ कामात. कारखान्यातल्या फोर्कलिफ्टला भरीव रबर असतं. अमेरिकेत छोट्या लोडरना आणि गवत कापायच्या यंत्रांना ‘ट्वील’ लागतो. २०१८ मध्ये पुण्यात आलेल्या मोबाइकच्या केशरी सायकलींना पंक्चर होतच नसे, कारण टायरांत हवाच नव्हती. (बसल्यावर ते कळायचंही!) सिंगापूरमध्ये २०२३ मध्ये डीएचएलच्या जवळपास पन्नास व्हॅनना ‘अप्टिस’ बसवले गेले. शहरात फिरायचं, दारोदार पार्सल द्यायचं, वेग बेताचा. माझ्या मते पहिली रांग अशा गाड्यांचीच आहे, आणि हायवेवर धावणाऱ्या तुमच्या-आमच्या मोटारीचा नंबर बराच मागे आहे.

तोवर एक करा. पुढच्या वेळी पंपावर चारही चाकांची हवा बघाल, तेव्हा डिकी उघडून वेल्सच्या त्या पाचव्या पाहुणीचीही बघा. गेल्या दिवाळीत घाटात आमची बसलेली निघाली होती.