नोंदीबाहेरचे गर्भपात

जन्म, मृत्यू आणि विवाह या घटनांची नोंद ठेवण्याची व्यवस्था आधुनिक राज्यसंस्थेने केलेली असते. जनगणना, जन्ममृत्यूची नोंदवही आणि रुग्णालयांचे अहवाल यांच्या आधारे लोकसंख्याशास्त्रज्ञ समाजाचे चित्र रेखाटतो. गर्भपात ही घटना मात्र या जाळ्यातून निसटून जाते. भारतात वर्षाला किती गर्भपात होतात, या प्रश्नाला २०१५ च्या सुमारास तीन निरनिराळी उत्तरे उपलब्ध होती. सरकारी आरोग्ययंत्रणेकडे आलेल्या अहवालांप्रमाणे ही संख्या सात लाखांच्या आसपास होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून पाहता, शंभर गर्भधारणांपैकी अवघ्या तीनच्या आसपास कृत्रिम गर्भपाताने संपत होत्या. आणि संशोधकांनी वेगळ्या मार्गाने केलेल्या गणनेप्रमाणे २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. म्हणजे दर तीन गर्भधारणांमागे जवळजवळ एक.

एकाच घटनेची मोजमापे एकमेकांपासून इतकी दूर असतात, तेव्हा ती तफावत केवळ गणिताची चूक राहत नाही. समाज काय बोलतो, कोणासमोर बोलतो आणि काय गिळून टाकतो, याचे ते चित्र असते. म्हणून गर्भपाताचा समाजशास्त्रीय विचार करताना मोजणीचा प्रश्न केवळ तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही.

पहिला अंदाज

१८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्‌भावाने केलेला गर्भपात तेवढा वगळून इतर सर्व गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. गर्भ पाडून देणाऱ्याबरोबरच स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. शंभर वर्षांनंतर या कायद्याचा फेरविचार सुरू झाला, तेव्हा देशात गर्भपात किती होतात याची कोणतीही विश्वसनीय माहिती शासनाजवळ नव्हती. १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आलेल्या समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल सादर केला. शंभर गर्भधारणांपैकी ७३ जिवंत जन्म, २ मृत जन्म आणि २५ गर्भपात, आणि या २५ पैकी १० नैसर्गिक व १५ कृत्रिम, असे प्रमाण समितीने गृहीत धरले. ५० कोटी लोकसंख्येला ते लावले असता वर्षाला सुमारे ३९ लाख कृत्रिम गर्भपात होत असावेत, असे अनुमान निघाले.

हे अनुमान होते, मोजणी नव्हती. तथापि त्याचे परिणाम मोठे झाले. हा कडक कायदा देशभर सर्रास मोडला जात आहे आणि गर्भपात करून घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया विवाहित आहेत, ही भूमिका मान्य होऊन १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. पुढे १९९० नंतरच्या काळातही या समितीचेच प्रमाण वाढलेल्या लोकसंख्येला लावून नवे आकडे काढले जात होते. पंचवीस वर्षांत समाज बदलला होता; गृहीतक मात्र तेच राहिले होते.

प्रश्न आणि शब्द

स्त्रियांनाच विचारून माहिती का मिळवू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या मार्गातील पहिली अडचण भाषेची आहे. ‘गर्भपात’ हा शब्द कायद्याचा आणि रुग्णालयाच्या कागदांचा आहे. घरातला तो नव्हे. मराठी स्त्री ‘पिशवी साफ केली’ किंवा ‘क्युरेटिंग केले’ असे म्हणते. हिंदी भाषक स्त्री ‘सफाई’ म्हणते. पाळी चुकल्यावर आठ-पंधरा दिवसांत गोळी घेतलेल्या स्त्रीच्या मते तिने पाळी यावी म्हणून औषध घेतलेले असते. गर्भ राहिला होता असे ती मनाशीही म्हणत नाही. अशा स्त्रीने ‘तुमचा कधी गर्भपात झाला आहे काय?’ या प्रश्नाला नकार दिला, तर ती खोटे बोलली असे म्हणता येत नाही.

हा भेद किती व्यावहारिक असू शकतो हे बांगलादेशाच्या उदाहरणावरून दिसते. तेथील दंडविधान १८६० च्याच संहितेतून आलेले असल्यामुळे जीव वाचविण्याचा अपवाद सोडता गर्भपात निषिद्ध आहे. तरीही १९७९ पासून ‘पाळी-नियमन’ या नावाने चुकलेली पाळी आणण्याची सेवा तेथील सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमातून दिली जाते. नाव बदलले की कृत्याचा सामाजिक अर्थही बदलतो.

मौनाची कारणे

दुसरी अडचण भयाची आहे. विधवा, परित्यक्ता किंवा अविवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे कारण उघड आहे. गर्भपात सांगणे म्हणजे संबंध सांगणे होय. परंतु विवाहित स्त्रीही या विषयावर मौन बाळगते. पाहणी करणारी व्यक्ती घरी येते तेव्हा सासू किंवा जाऊ जवळ बसलेली असते. गर्भ ठेवावा की ठेवू नये हा निर्णय पुष्कळदा त्याच घरात, तिच्या मताला गौण स्थान देऊन झालेला असतो. किंवा तिने तो त्याच घरापासून लपवून घेतलेला असतो. दोन्ही परिस्थितींत खरे उत्तर देणे कठीण असते.

रुग्णालयाच्या दारातही हेच घडते. कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही लागत नाही. प्रत्यक्षात ती सर्रास मागितली जाते. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी १९९० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील खेड्यांत स्त्रियांशी प्रदीर्घ चर्चा केल्या, तेव्हा गुप्ततेची गरज आणि सहीची अडचण या दोन्ही गोष्टी पुढे आल्या. जिला सही आणता येत नाही ती नोंद न ठेवणाऱ्याकडे जाते. अशा रीतीने कायद्यात नसलेली अट नोंदवहीतून स्त्रीचे नाव वगळते.

शिवाय नोंदवही ठेवणारेही थोडेच असतात. याच संस्थेच्या सहभागाने २००० नंतर सहा राज्यांत झालेल्या पाहणीत असे आढळले की, गर्भपाताची सेवा देणाऱ्या खाजगी केंद्रांपैकी बहुसंख्य केंद्रांना शासनाची मान्यता नव्हती. मान्यता नसलेले केंद्र अहवाल पाठवीत नाही. तेव्हा शिक्षित डॉक्टरने नीट केलेला गर्भपातही सरकारी आकड्यांत येत नाही, आणि अडाणी हाताने केलेला तर येतच नाही. त्यातून मृत्यू ओढवला, तर तो रक्तस्राव किंवा जंतुदोष या नावाखाली नोंदला जाण्याचा संभव असतो.

आडवळणाचे मार्ग

सरळ प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर माहिती कशी मिळवावी, याचा विचार समाजशास्त्रज्ञांनी बराच केला आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५ साली उत्तर देणाऱ्याचे गुपित राखणारी एक पद्धत सुचविली. तिचा एक सोपा प्रकार असा: स्त्रीने प्रश्नकर्त्याला न दाखविता नाणे उडवावे, छाप पडल्यास काहीही असले तरी ‘होय’ म्हणावे, काटा पडल्यास खरे उत्तर द्यावे. समजा, हजार स्त्रियांपैकी ५७५ जणींनी ‘होय’ म्हटले. त्यांतील सुमारे ५०० ‘होय’ नाण्याचे आहेत. उरलेले ७५ हे काटा पडलेल्या ५०० स्त्रियांपैकी आहेत. म्हणजे प्रमाण १५ टक्के. कोणत्या स्त्रीचे ‘होय’ खरे, हे मात्र प्रश्नकर्त्यालाही कळत नाही. दुसरा मार्ग जिवलग मैत्रिणीविषयी विचारण्याचा आहे. स्वतःविषयी जे सांगवत नाही ते दुसरीविषयी, तिचे नाव न घेता, सांगता येते. २०१८ साली राजस्थानात हा प्रयोग करण्यात आला.

आरंभी उल्लेखिलेल्या १ कोटी ५६ लाखांच्या आकड्यापर्यंत संशोधक तिसऱ्या मार्गाने पोहोचले. गर्भपाताच्या गोळ्यांतील मिफेप्रिस्टोन या औषधाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि तिच्या सहयोगी संस्था यांनी स्त्रियांना विचारण्याऐवजी या गोळ्यांच्या विक्रीचा हिशेब मांडला, वाया जाणाऱ्या गोळ्या वजा केल्या आणि आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तमिळनाडू व उत्तर प्रदेश या सहा राज्यांतील आरोग्यकेंद्रांच्या पाहणीतून मिळालेली संख्या त्यात मिळविली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ८१ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले होते, आणि ७३ टक्के गर्भपात आरोग्यकेंद्राबाहेर घेतलेल्या गोळ्यांनी. विशेष हे की, स्त्रियांच्या उत्तरांतून तीन टक्क्यांचा आकडा देणाऱ्या राष्ट्रीय पाहणीचे संयोजनही याच संस्थेकडे होते.

जनगणनेतील खूण

एका प्रकारच्या गर्भपाताची खूण मात्र जनगणनेतच उमटली. गर्भजलपरीक्षा १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गर्भातील दोष शोधण्यासाठी सुरू झाली आणि लवकरच मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४५, २००१ साली ९२७ आणि २०११ साली ९१८ भरली. लिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा.

या अनर्थाविरुद्धची मोहीम आवश्यकच होती. परंतु तिच्या ओघात ‘गर्भपात’ आणि ‘भ्रूणहत्या’ हे शब्द समानार्थी होऊन बसले. वस्तुतः गोळ्यांचा उपयोग मुख्यतः पहिल्या नऊ आठवड्यांतला आहे, आणि सोनोग्राफीने लिंग ओळखता येते ते सामान्यतः त्यानंतर. बहुसंख्य गर्भपातांचा लिंगनिवडीशी संबंध नसतो. नको असताना राहिलेला गर्भ हेच त्यांचे कारण असते. तरीही तपासणीच्या धास्तीने अनेक राज्यांतील औषधविक्रेते या गोळ्या ठेवण्यास कचरू लागले.

मोजणीचे प्रयोजन

१९७१ च्या कायद्यासमोर गर्भपाताची जी प्रतिमा होती ती शस्त्रक्रियेची होती: मान्यताप्राप्त जागा, नोंदणीकृत डॉक्टर आणि त्याचे मत. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत वीस आठवड्यांवरून चोवीस आठवड्यांवर नेली आणि ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द घातला; २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही वाढीव मुदत लागू असल्याचा निर्णय दिला. मूळ रचना मात्र तीच आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही, या कायद्याच्या कक्षेबाहेर गर्भ पाडणारी स्त्री गुन्हेगार ठरू शकते. डॉक्टरच्या चिठ्ठीविना दुकानातून आणलेली गोळी घरी घेणारी स्त्री याच कक्षेबाहेर उभी असते. पाहणीतील प्रश्नाला तिने दिलेले खरे उत्तर एका अर्थी गुन्ह्याची कबुली असते.

मोजणीचा उपयोग येथे दिसतो. सात लाख हा आकडा खरा मानला, तर शस्त्रक्रियेच्या खाटा आणि प्रशिक्षित डॉक्टर वाढविणे एवढेच शासनाचे काम उरते. दीड कोटींचा आकडा मानला, तर वेगळे प्रश्न पुढे येतात: गोळी किती आठवड्यांपर्यंत आणि कशी घ्यावी हे स्त्रीला कोण सांगते? रक्तस्राव थांबला नाही तर तिने कोठे जावे? तेथे गेल्यावर तिला उपचार आधी मिळतील की प्रश्न? जी घटना आकड्यांत नसते तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नसते, आणि आरोग्यकेंद्राच्या कपाटात औषधही नसते.