सलग ३,३३८ सामने

लॉस एंजलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचे समालोचक चिक हर्न नोव्हेंबर १९६५मध्ये खराब हवामानामुळे वाटेत अडकले आणि एक सामना हुकला. पुढचा हुकला थेट डिसेंबर २००१मध्ये, हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळे. मधले ३,३३८ सामने सलग!

बरीच वर्षं त्यांचं एकच धावतं वर्णन रेडिओ आणि टीव्ही दोन्हीकडे जाई. चेंडू कोणाकडे, कुठे, हे डोळे मिटूनही कळे. विजय पक्का झाला, की ते सामना चक्क फ्रिजमध्ये ठेवत: दार बंद, दिवा विझला, जेली थरथरतेय. शस्त्रक्रियेनंतर, पंचाऐंशी वर्षांचे असताना, ते माइकपाशी परतले. जून २००२चं विजेतेपद त्यांनीच श्रोत्यांना सांगितलं; ऑगस्टमध्ये ते गेले.

आपल्याकडे असा लौकिक क्रिकेटच्या आवाजांना मिळाला. आकाशवाणीवर मराठीतून समालोचन करणारे बाळ ज. पंडित तर स्वतः रणजी खेळलेले.