अंगास स्नेह : शोभेसाठीं कीं औषधासाठीं?

पौषांत कोरडा वारा वाहूं लागला म्हणजे शिंदखेड्याच्या घराघरांतून टाचा फुटूं लागतात, ओठ उलतात आणि पोटरीवर नख ओढलें तर पांढरी रेघ उमटते. धुळें जिल्ह्यांत अशा दिवसांत पहाटेचें उष्णमान कधीं 10 अंशांच्याही खालीं जातें. वैशाखांत तोच पारा 40 अंशांपुढें चढतो. दोन्ही ऋतूंत हवेंत ओलावा थोडाच. म्हणून अंगास कांहीं स्निग्ध लावणें येथें चैन समजली जात नाहीं. परंतु निरोगी कातडी आणि इसबाची कातडी यांच्या गरजा निराळ्या असतात. आणि जेथें साऱ्या घरास एकच बाटली पुरते, तेथें हा भेद सहसा कोणी करीत नाहीं.

वाग्भटानें दिनचर्येंत नित्य अभ्यंग सांगितला. पण कफग्रस्तास व अजीर्ण झालेल्यास तो वर्ज्यही सांगितला. मनुष्य पाहून उपचार करावा, हा नियम अशा प्रकारें जुनाच आहे. निरोगी मनुष्य सुवास, चिकटपणा आणि किंमत पाहून निवड करतो. खोबरेल असो, तिळेल असो वा बाजारचें सुगंधी लोशन असो, त्यास बहुधा कांहींही मानवतें. एखादे दिवशीं विसर पडला तरी बिघडत नाहीं.

इसब असणाऱ्यास ही मोकळीक नसते. त्वचेचा वरचा थर म्हणजे जणूं भिंतच : पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन घडविणाऱ्या जनुकांत दोष असल्यास इसबाचा संभव वाढतो, असें 2006 सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं दाखविलें. अशा भिंतीस भेगा पडतात. आंतील पाणी उडून जातें, बाहेरील साबण व धूळ आंत शिरते. मग कंड सुटतो, खाजविल्यानें भेगा वाढतात, आणि हें चक्र थांबत नाहीं.

म्हणून त्यानें मलम निवडतांना प्रथम सुगंध टाळावा. अत्तरी द्रव्यें पुष्कळांस बाधतात. ‘नैसर्गिक’ या शब्दासही भुलूं नये. प्रौढांवर केलेल्या व 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ऑलिव्ह तेलानें ही भिंत दुबळी झालेली आढळली. सूर्यफुलाच्या तेलानें तसें झालें नाहीं. युरिया असलेलें क्रीम जाड, खरबरीत कातडीस चांगलें, पण चिरांवर तें झोंबतें. साधी पेट्रोलियम जेली चिकट खरी, तथापि निर्गंध, स्वस्त आणि पाणी धरून ठेवणारी आहे. लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम यांची तुलना इंग्लंडमध्यें 550 मुलांवर केली गेली. 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत कोणताही प्रकार सरस ठरला नाहीं. ती परीक्षा मुलांवरील असली तरी त्यांतील बोध मोठ्यांसही घेण्यासारखा आहे : जें नित्य लावलें जाईल तेंच उत्तम.

स्नान कोमट पाण्यानें, थोडक्यांत उरकावें; अंग पंचानें टिपावें, घासूं नये; आणि कातडी ओलसर आहे तोंच मलम केसांच्या वळणानें हलकेच लावावें. भांडीं घासल्यावर, धुणें झाल्यावर, दोंडाईचा येथील पेठेंतून आणलेली मिरची निवडून हात धुतल्यावर पुन्हां लावावें. डबींत बोटें न घालतां स्वच्छ चमच्यानें काढावें. मलम मुरलेलें वस्त्र चटकन पेट घेतें. तेव्हां चुलीपासून व देवापुढील निरांजनापासून जपावें. लस वाहूं लागली तर वैद्यकीय सल्ला घ्यावाच. डॉक्टरांनीं दिलेल्या औषधाची जागा हें मलम घेऊं शकत नाहीं.

सर्वांगास इसब असलेल्या प्रौढास आठवड्यास अर्धा किलोपर्यंत मलम लागूं शकतें. हा आंकडा ऐकून घरांतील वडीलधाऱ्यांच्या भुंवया चढतात, आणि तो खर्च सुनेचा असला तर त्यास नटवेपणाचें नांव मिळतें. बिचारी मग बोटभर मलम चार दिवस पुरविते आणि रात्र रात्र खाजवीत जागते. मधुमेह्याच्या औषधाचा हिशेब आपण जसा बिनबोभाट मांडतों, तसाच याही डबीचा मांडावा. शिवाय इसब स्पर्शानें पसरत नाहीं. अशा माणसाचा पाट किंवा ताट वेगळें ठेवण्याचें कारण नाहीं. वेगळी असावी ती केवळ त्याची मलमाची डबी, आणि ती रिकामी होण्यापूर्वींच दुसरी घरांत यावी.