झिजणारा रंग

घराच्या भिंतीला रंग देतो तो टिकावा म्हणून. शिडाच्या नौकेच्या बुडाला पाण्याखाली देतात तो रंग मात्र झिजावा म्हणूनच दिलेला असतो. तो झिजायचा थांबला की फसला.

समुद्रात सोडलेल्या स्वच्छ पृष्ठभागावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ येतं, मग बार्नॅकल. या बार्नॅकलचं पिल्लू शेवटच्या अवस्थेत काहीच खात नाही. दोन स्पर्शिकांवर चालत, चाचपत जागा शोधतं आणि पसंत पडली की डोक्याच्या बाजूनं स्वतःला कायमचं चिकटवून घेतं. पुढचं अख्खं आयुष्य डोकं खाली, पाय वर. अन्नही पायांनीच तोंडाकडे ओढायचं! असे हजारो जीव चिकटले की नौका जड होते, वेग गळतो.

1761 साली ब्रिटिश आरमारानं ‘अलार्म’ या युद्धनौकेचं बूड तांब्याच्या पत्र्यानं मढवलं. वेस्ट इंडीजची फेरी करून ती परतली तेव्हा पत्र्यावर काही वाढलं नव्हतं, पण लोखंडी खिळे पार कुजले होते. थोडे शाबूत राहिले होते ते कशामुळे? पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे तांबं आणि लोखंडाच्या मधे तसाच राहून गेला होता. खाऱ्या पाण्यात दोन धातू टेकले की वीज वाहते आणि त्यातला एक विरघळतो. व्होल्टाची बॅटरी यायला अजून जवळजवळ 40 वर्षं होती. उत्तर त्या कागदानं आधीच देऊन ठेवलं होतं.

1824 साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं हेच उलट वापरलं. तांबंही समुद्रात हळूहळू झिजत होतं. त्याला पृष्ठभागाच्या 1/150 एवढं जस्त किंवा लोखंड जोडलं, की झीज थांबे. प्रयोग देखणा होता आणि अचूकही. जहाजं मात्र शेवाळ आणि बार्नॅकल यांनी भरून परतली. विरघळणारं तांबं हेच तर त्या जीवांचं विष होतं! तांबं वाचलं, आणि तेही वाचले.

आजच्या रंगात बहुधा क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचंच संयुग असतं आणि अडचणी त्याच जुन्या आहेत. ॲल्युमिनियमच्या नौकेला असा रंग थेट लावला तर तांबं ॲल्युमिनियमलाच खातं. झिजणाऱ्या रंगाचा वरचा थर निघायला वाहतं पाणी लागतं, आणि शिडाच्या नौका बराच काळ नांगरलेल्याच असतात.

विष पाण्यात सुटतं ते जातं कुठे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. ट्रायब्युटिल टिन घातलेले रंग कमालीचे प्रभावी होते. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत त्यांनी कालवांची पैदासच कोलमडवली, शिंपले वेडेवाकडे जाड केले; काही सागरी गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटली. पाण्यात एका लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्यानंच! फ्रान्सनं 1982 साली छोट्या नौकांवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार 2008 साली लागू झाला.

आता सिलिकॉनचे गुळगुळीत लेप आले आहेत. त्यांत विष लागत नाही, चिकटलेला जीव पाण्याच्या ओढीनं घसरून पडतो. मला ही कल्पना सगळ्यांत सुंदर वाटते. पण त्या ओढीसाठी वेग हवा, आणि नांगरलेल्या नौकेकडे तो कुठला? म्हणून बहुतेक मालक अजूनही हंगाम संपला की नौका किनाऱ्यावर घेतात, बूड खरवडतात आणि तांब्याचाच रंग पुन्हा चढवतात.