भरतीच्या वेळी फ्लेमिंगो जातात कुठे?

फील्डवर्कला निघण्याआधी माझी एक चूक वाचून घ्या. तुमचा अख्खा सीझन वाचेल.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य ऐकून माहीत असेलच. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, सुमारे १६९० हेक्टर. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जाही मिळाला. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी खाडीकाठी पक्षी मोजायचं ठरवलं. पद्धत अगदी 'शास्त्रशुद्ध': दर रविवारी, त्याच जागी, सकाळी बरोबर ८ वाजता.

पहिल्या रविवारी समोर नुसतं पाणी. फ्लेमिंगो शून्य. दुसऱ्या रविवारी चिखलावर गुलाबी थवेच थवे. तिसऱ्या रविवारी परत शून्य! मी लगेच कारणं शोधायला लागलो: प्रदूषण, आवाज, होड्या. शेवटी जाळं आवरणारे एक कोळीकाका म्हणाले, "अरे, भरतीला काय बघतोस? ओहोटीला ये."

गंमत अशी आहे की फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखल-पाणी गाळून खातात. छोटा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो, तर मोठा छोटे जलचरही खातो. हे जेवणाचं ताट ओहोटीलाच उघडं पडतं. भरतीच्या पाण्यात पाय पुरेनासे झाले की थवे उठतात.

आता माझं गणित कुठे चुकलं ते बघा. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ३५० मिनिटं, म्हणजे जवळपास सहा तास. भरती आणि ओहोटीमधलं अंतरही साधारण तेवढंच! म्हणजे एका रविवारी ८ वाजता भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. मी पक्षी मोजतच नव्हतो, भरती-ओहोटी मोजत होतो. आणि पंधरवड्यातून एकदा गेलो असतो तर? प्रत्येक वेळी भरतीच्याच आसपास पोचलो असतो आणि 'इथे फ्लेमिंगो येत नाहीत' असं बिनधास्त लिहून मोकळा झालो असतो.

हा प्रश्न फक्त मार्कांचा नाही. भरतीला यातले बरेच थवे नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विसावतात. त्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे कोणी ओहोटीच्या वेळी सर्वेक्षण केलं तर तळं रिकामं दिसणार. 'पक्षी नाहीत' असा अहवाल गेला की भराव घालायला कारण मिळतं. आणि विसाव्याची जागा गेली, तर संरक्षित चिखल शाबूत असूनही पक्ष्यांनी भरतीचे ते तास काढायचे कुठे? पक्ष्याचा अधिवास म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, त्याच्या दिवसभराच्या सगळ्या जागा मिळून तो बनतो.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. प्रत्येक नोंदीसमोर पाण्याची स्थिती लिहा. खाण्याची आणि विसाव्याची, दोन्ही जागा दोन्ही वेळांना मोजा.

आणि शून्य आला तर वहीत 'नाहीत' असं लिहू नका. 'दिसले नाहीत' असं लिहा, शेजारी वेळ आणि भरती की ओहोटी तेही लिहा. त्या दोन वाक्यांत एका तळ्याचा फरक पडू शकतो.